शेंदूर लावलेला रोलर

"खाली उतर. आधी त्या रोलरवरून खाली उतर, मग काय ते बोल."

माझा सहकारी बांधाच्या पायथ्याशी उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज असा की एकदा तो कर्जतच्या स्टँडवर कंडक्टरवर ओरडला, तर वेशीबाहेर गेलेली गाडी मागच्या मागे परत आली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण मी इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाहिलेली माणसं भेटतात.

मी रोलरच्या पत्र्याच्या छपरावर मांडी घालून बसलो होतो. मे महिन्यातली दुपार. त्या पत्र्यावर बसणं म्हणजे भाकरीनं आपल्या पायानं चालत जाऊन तव्यावर पडण्यासारखं. पण मी उतरलो असतो तर रोलर गेला असता, म्हणून एक बाजू भाजली की दुसऱ्या बाजूवर कलत होतो.

"ऐकू येत नाही," मी वरून म्हणालो.

"सगळ्या तालुक्याला ऐकू येतंय."

"मग तालुक्याला विचार, मी खाली का येत नाही ते."

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळ असा की कावळे पितरांच्या नावानंसुद्धा फिरकत नव्हते. गावोगाव सरकारनं कामं काढली होती, आणि कर्जत तालुक्यातल्या एका टेकडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन पाझर तलाव आम्हा दोघा ओव्हरसियरांच्या गळ्यात बांधले होते. आम्ही डिप्लोमाला एकाच बाकावर होतो. तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीत माझ्या आधी पोचायचं असे. चहासुद्धा तो माझ्या आधी संपवायचा आणि रिकामा कप बशीवर असा काही आपटायचा, की जणू पदक मिळालंय.

आम्ही दोघंही तात्पुरते. डेप्युटी साहेबांनी जीपमधून न उतरताच सांगून टाकलं होतं, "पावसाळ्यानंतर एकालाच ठेवता येईल. ज्याचा बांध मृगाच्या आत पुरा होईल आणि पहिल्या पाण्याला टिकेल, तो राहील. दुसऱ्यानं घरी जावं."

घरी म्हणजे देवळाली प्रवरेला, थोरल्या भावाच्या उसात पाणी धरायला. उसाला माझी हरकत नव्हती. हरकत होती वहिनीला. ती ताटात भाकरी वाढताना म्हणायची, "भाऊजी, इंजिनेराला किती लागतात?" तिच्या त्या एका प्रश्नासाठी मी डोंगर उपसायला तयार होतो. बांध काय चीज.

आता बांध कसा होतो ते सांगतो, म्हणजे मी छपरावर का चढलो ते कळेल. मातीचा एक थर पसरायचा, त्यावर पाणी मारायचं, मग रोलर फिरवून तो दगडासारखा दाबायचा. मग वर दुसरा थर. न दाबलेल्या थरावर दुसरा टाकला की पहिल्या पावसात सगळा भराव खीर होऊन खालच्या गावात उतरतो. म्हणजे रोलर नाही तर थर नाही, थर नाही तर बांध नाही, आणि बांध नाही तर वहिनी.

आणि रोलर दोघांत एक. साहेबांचा हुकूम होता: एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. पाण्याचा टँकरही दोघांत एकच; पण तो भरायची जुनी दगडखाण पलीकडच्या गावात, म्हणून टँकर कायम माझ्या सहकाऱ्याच्या दारात बांधलेला. पाणी असं खारं की जनावर तोंड लावत नसे, पण तो ते माझ्याकडे असं पाठवायचा, जसं काही गुलाबपाणी शिंपडतोय. मग मीही ठरवलं, तुझ्याकडे पाणी तर माझ्याकडे रोलर.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी निरोप पाठवला की ड्रायव्हरमामांचं पोट बिघडलंय. मामा अंगानं रोलरला शोभतील असे होते, आणि त्यांचं पोट बिघडायला एखादं लग्न लागलं असतं. त्यांचं तत्त्व सरळ होतं: यंत्र सरकारचं, जीव आपला, घाई कुणाची? मी म्हणालो, "मामा, दोन दिवस पोट दुखवा." ते म्हणाले, "दुखवतो. कुठल्या बाजूला?"

दुसऱ्यांदा मी कळवलं की इंजिनात नाग शिरलाय. त्यावर पलीकडून गारुडी आला. खरोखरचा. टोपली-पुंगीसकट. सहकाऱ्याची तयारी अशी असायची.

तेव्हा मला करमाळ्याच्या रस्त्यावरचा मैलाचा दगड आठवला. कोण्या भाविकानं त्याला शेंदूर फासला होता. रस्ता रुंद करायला गेलेला मिस्त्री दगडाला हात न लावता नारळ फोडून परत आला, आणि रस्ता तिथं अजून पोटुशी बाईसारखा बाजूनं जातो. आपल्याकडे शेंदूर लागलेली वस्तू कुणी हलवत नाही. कलेक्टरसुद्धा आधी चप्पल काढतो आणि मग फाईल बंद करतो.

बस. सकाळी मी गुरवाला बोलावला. रोलरच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी शेंदूर फासला, नारळ वाढवला, सुकडीचा नैवेद्य दाखवला. सुकडी म्हणजे सरकार मजुरांना वाटायचं ते गोड पीठ. देवांच्या इतिहासात सुकडी खाल्लेला हा पहिलाच. कामावरच्या बायकांनी हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी नावही ठेवलं: खंडोबा, बिरोबा, म्हसोबा, तसा हा रोलोबा. दुपारी सहकारी आपला आठवडा मागायला आला, आणि मी छपरावर चढलो.

"शेंदूर फासला म्हणून सरकारी यंत्र देव होतं का?" तो आता बांध चढून वर आला होता.

"मी कुठं म्हणतो? लोक म्हणतात."

"लोकांना कुणी सांगितलं?"

"देवानं सांगितलं असेल. माझं त्याचं फारसं बोलणं नाही."

त्यानं रोलरच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात खालून आवाज आला, "सायेब, बूट."

ही आक्का. बायकांच्या सगळ्यात मोठ्या टोळीची म्होरकी. उंचीला बेताची, पण ती पाटी डोक्यावर घेऊन निघाली की समोरून येणारी बैलगाडी चाकोरी सोडायची. तिच्यामागे शंभरेक बायका पाट्या घेऊन उभ्या.

"काय?" सहकारी म्हणाला.

"बूट काडा. देवाच्या अंगावर बूट घालून चडता व्हय?"

त्याचे बूट नाडीचे होते आणि नाडीला त्यानं पॉलिटेक्निकमध्ये शिकलेली कसलीशी गाठ मारली होती. ती सुटेना. बायका पाहत होत्या. मीही वरून पाहत होतो, माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या घटकांपैकी ती एक. शेवटी त्यानं पाय खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बस तिथंच. टँकर मी आता लेकराला घुटी पाजतात तसा पाठवीन."

तो गेला. मी छपरावरून उतरलो. अंगाची मागची बाजू भाजून कडक झाली होती, पण मन गार होतं. "मामा," मी म्हणालो, "चालू करा. संध्याकाळपर्यंत हा थर दाबून टाकू."

मामांनी हँडलला हात घातला.

"थांबा," आक्का म्हणाली. "काय करताय?"

"थर दाबतोय."

"देवाला कामाला जुपताय?"

मी हसलो. ती हसली नाही. तिच्यामागच्या शंभरही हसल्या नाहीत. कुणी तरी पाटी खाली ठेवली, मग सगळ्यांनी ठेवल्या. आता माझ्या लक्षात आलं की मैलाच्या दगडाच्या हकिकतीत मी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. त्या दगडाला मैल दाखवण्याचं कामही त्या दिवसापासून बंद झालं होतं.

"अगं आक्का, तो रोलर आहे."

"सकाळी तुमीच तर निवद दावला."

"ते वेगळं."

"कसं येगळं?"

चार वर्षांच्या डिप्लोमात हा विषयच नव्हता. (डिप्लोमा तीनच वर्षांचा असतो, पण मला तो चार वर्षं पुरला.)

रोलर उभा राहिला तो राहिलाच. मामांनी त्याच्या सावलीत घोंगडी पसरली आणि देवाच्या पायाशी झोपणारा पहिला सरकारी नोकर होण्याचा मान मिळवला. मोकळा थर तसाच पडून, त्यावर दुसरा टाकता येईना. मजूर धुम्मस घेऊन बसले. धुम्मस म्हणजे माती चोपायचा दांड्याचा ठोकळा. पण त्यानं तेवढा बांध चोपायचा तर माझे नातू ओव्हरसियर व्हायला हवे होते. आणि आभाळात, इतके महिने एक ढग न दाखवलेल्या त्या हलकट आभाळात, दक्षिणेकडून कापूस पिंजायला सुरुवात झाली. सगळा जिल्हा आनंदला. मी एकटा ढगांना शिव्या देत होतो.

शेवटी सायकल घेतली आणि टेकडी ओलांडून सहकाऱ्याकडे गेलो. तो बाभळीखाली बाजेवर आडवा होता. त्याच्या बांधावर माती भिजवून तयार, गुडघाभर चिखल, आणि रोलर नाही.

"काय म्हणतो देव?" त्यानं न उठता विचारलं. बातमी माझ्या सायकलच्या आधी पोचली होती.

"ठीक आहे. विश्रांती घेतोय."

"आणि बांध?"

"तोही."

त्यानं चहा मागवला. बिनसाखरेचा आला. "उसाच्या पट्ट्यातला माणूस तू," तो म्हणाला, "येताना साखर तरी आणायचीस."

"हे बघ," मी म्हणालो, "रोलर हलला तर तुझाही फायदा आहे."

"हलला की पहिला इकडे येणार. माझा आठवडा कधीच सुरू झालाय."

"पहिला माझा मोकळा थर दाबणार. तो तसाच राहिला तर मी मेलो."

"कोरडाच दाब. पाणी कोण देतंय तुला? उडव धुरळा."

"आणि तू काय करणार भिजवलेल्या मातीचं? हा बांध नाही, चिखल आहे. म्हशी आण, लोळव."

"म्हशी छावणीत आहेत," तो म्हणाला.

मग आम्ही दोघंही थोडा वेळ दक्षिणेकडे पाहत बसलो. ढग दोघांनाही सारखेच दिसत होते. त्यानं माझ्या आधी चहा संपवला, पण या वेळी कप आपटला नाही. त्यावरून मी ओळखलं की पठ्ठ्या घाबरलाय. त्याच्या घरी काय होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण कुणाच्या ना कुणाच्या घरी एक वहिनी असतेच.

"एक थर तुझा, एक थर माझा," मी म्हणालो. "रोलर आणि टँकर एकत्र फिरतील. नवराबायकोसारखे."

"पहिला थर कुणाचा?"

"माझा. देव माझ्याकडे आहे."

"पाणी माझ्याकडे आहे."

"मग आण, आणि देवाला तूच समजाव."

हा मुद्दा त्याला पटला. कारण लोकांना समजावण्यात आपण पटाईत आहोत अशी त्याची समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टँकरमध्ये बसून आला. आक्का रोलरच्या सावलीत तंबाखू मळत होती. सहकारी खाकरला आणि त्यानं सरकारी आवाज काढला. "बाई, हे यंत्र हलवायचा वरून हुकूम आहे."

"किती वरनं?"

"डेप्युटी साहेबांचा. म्हणजे सरकारचा."

"सरकार देवाच्या वर हाय का?"

"देव-बिव राहू दे. सुकडी कोण देतं? सरकार देतं ना?"

"देतं की." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "आन् पाऊस?"

सहकारी माझ्याकडे पाहू लागला. मी डबक्याकडे पाहू लागलो, म्हणजे जिथं पुढं डबकं होणार होतं तिकडे.

"आक्का," मी हात जोडले, "तुम्हीच मार्ग काढा. बांध अर्धवट राहिला तर पहिल्या पाण्यात वाहून तुमच्याच गावात येईल. सोबत आम्ही दोघंही येऊ."

तिनं बराच वेळ तंबाखू चघळली. मला तेव्हाच संशय आला होता, आणि आज खात्री आहे, की या बाईला हे सगळं आमच्या आधी ठाऊक होतं. त्या साली गावची जत्रा झाली नव्हती. हलगी खुंटीला वाळत होती. बायका महिनोन्‌महिने पाट्याच वाहत होत्या.

"देव कामाला जात न्हाई," ती म्हणाली. "देव मिरवायला जातो."

"मिरवायला?"

"मिरवनूक काडायची. म्होरं हलगी. आंगोळ घालायची, मंग न्यायचा."

"अंघोळीला पाणी..." मी सहकाऱ्याकडे पाहिलं.

"टँकरभर लागंल," आक्का म्हणाली. "देव मोटा हाय."

"आणि मिरवणूक जायची कुठून?"

"तुमी म्हनाल तिथनं."

"बांधावरून?"

"जाईल बांधावरनं."

"आणि पुन्हा उलटी?"

"देवाला घरला परत यावंच लागतं की."

तिच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. आम्ही दोघं इंजिनिअर एकमेकांचे खांदे धरून उभे होतो, पडू नये म्हणून.

"एक हाय," ती म्हणाली. "मानकरी मागनं चालत्यात. अनवानी. दोगंबी."

अशी ती मिरवणूक निघाली. टँकरनं रोलोबाला अंघोळ घातली, म्हणजे पुढच्या चाकाला दोन तांबे आणि बाकीचं सगळं मातीला. तीर्थ म्हणून कुणी तोंडात घेतलं नाही, खाणीचं पाणी सगळ्यांना ओळखीचं होतं. हलगी कडाडली. मामांनी टोपी सरळ केली, इंजिन धडधडलं, आणि देव निघाला, एखाद्या श्रीमंत म्हाताऱ्यासारखा, कुणाला काही ऐकू न देता. मागून आम्ही दोघं अनवाणी, आमच्यामागून चारशे माणसं नाचत. रोलरनं जे सोडलं ते त्या आठशे पायांनी दाबलं. तो बांध असा घट्ट झाला की पुढे त्यात खुंटी ठोकायला गेलेल्याची पहार वाकली आणि तिची कोयती करावी लागली.

माती तापलेली. टँकर पोचला तिथं तळपायाला चटका नव्हता, म्हणून आम्ही दोघंही ओल्या पट्ट्यावरून चालायला धडपडू लागलो आणि तो पट्टा एका माणसाएवढाच होता. सहकारी कोपरानं मला बाजूला सारी.

"मानकरी म्हणून मी थोरला," तो दातांत म्हणाला. "पाणी माझं."

"देव माझा."

"तुझा देव माझ्या पाण्यावर उभा आहे."

"तुझं पाणी माझ्या देवानं अंगाला लावून घेतलं, उपकार मान."

तेवढ्यात त्यानं नाचायला सुरुवात केली, भक्तीनं नव्हे, मला मागे टाकायला. मग मीही नाचलो. लोकांना वाटलं दोघांच्या अंगात आलं. एका म्हातारीनं आमच्या पाया पडून घेतलं. आधी सहकाऱ्याच्या पडली, आणि तेवढ्यावरून तो पुढचा अख्खा थर माझ्याशी फुगला नाही, उलट छाती काढून चालला.

थर संपला की देव पलीकडे. तिथं जायला रीतसर आमंत्रण लागे. सहकारी फेटा बांधून, नारळ घेऊन, शिवेवर उभा राहायचा आणि घसा खरवडून म्हणायचा, "देवानं आमच्या गावाला यावं." मी आक्काकडे पाहायचो. आक्का आढेवेढे घ्यायची. मला ते आढेवेढे इतके गोड लागत की मी तिला डोळ्यांनी सांगायचो, आणखी थोडे घे. मग पलीकडची हलगी पुढे होई, आमची मागे राही, आणि रोलर टेकडी चढू लागे, इतका सावकाश की एकदा वाटेत एका गोगलगायीनं त्याला मागे टाकल्याचं मामा सांगतात. त्या वर्षी तालुक्यात गोगलगाय कुठून आली, हे मी त्यांना विचारलं नाही. ज्याचं त्याचं खोटं ज्यानं त्यानं सांभाळावं.

पलीकडच्या गावानं एकदा देव परत द्यायला नकार दिला. म्हणाले, आमच्याकडे नैवेद्याला गूळ असतो, तुमच्याकडे नुसती सुकडी. त्या दिवशी सहकाऱ्यानं स्वतः चाकासमोर हात जोडून देवाला निरोप दिला, कारण माझा थर अडला असता तर पुढच्या खेपेला मी देव शिवेपलीकडे सोडणार नव्हतो, आणि तसं मी त्याला मिरवणुकीत नाचता नाचता कानात सांगून ठेवलं होतं.

मृग लागला. दोन्ही बांधांचा शेवटचा थर दाबून मामांनी इंजिन बंद केलं, तेव्हा वारा सुटला होता. मग जो पडला, तो असा की टेकडीवरचे दगड धुऊन निघाले आणि कित्येकांचे रंग कळले. मी रात्रभर अंथरुणात बसून वहिनीचा आवाज ऐकत होतो. उजाडल्यावर बांधावर धावत गेलो. तांबडं पाणी पोटात घेऊन बांध उभा होता, कुठं पाझरही नाही. मी टेकडी चढलो, पलीकडचा फुटलाय का ते पाहायला. टेकडीच्या माथ्यावर सहकारी भेटला. तो माझा फुटलाय का ते पाहायला निघाला होता.

"आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. तुझा?"

"आहे."

दोघंही जरा नाराज होऊन परतलो.

चार दिवसांनी डेप्युटी साहेब आले. या वेळी जीपमधून उतरले, कारण जीप चिखलात बसली होती. पुढे कामं वाढली आणि आम्ही दोघंही राहिलो, पण त्या दिवशी मात्र जागा एकच होती. बांधावर साहेब मध्ये, आम्ही दोन्ही बाजूंना. सहकारी म्हणाला, पाण्याचं नियोजन माझं. मी म्हणालो, यंत्राचं नियोजन माझं. तो म्हणाला, सकाळी उन्हाच्या आधी मी हजर असे. मी म्हणालो, मी तर छपरावरच राहत असे. साहेबांना आमचा कंटाळा आला. समोरून आक्का पाटी घेऊन येत होती. त्यांनी तिलाच थांबवलं.

"बाई, तू सगळं काम पाहिलंस. खरं सांग, या दोघांपैकी बांध कुणी पुरा केला?"

आक्कानं पाटी खाली ठेवली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ह्ये दोगं मागनं चालत हुते," ती म्हणाली.